अलेक्सांद्र-तेओदोर ब्राँन्यार

अलेक्सांद्र-तेओदोर ब्राँन्यार (१५ फेब्रुवारी १७३९ – ६ जून १८१३) हे फ्रान्समधील नव-अभिजाततावादी परंपरेतील एक प्रमुख वास्तुविशारद होते. पॅरिस शेअर बाजाराची स्तंभमंडित इमारत ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध वास्तू असून ती आज त्यांच्याच नावाने, म्हणजे 'पॅले ब्राँन्यार' म्हणून ओळखली जाते. पॅरिसमधील पेर लाशेझ या विख्यात दफनभूमीचा मूळ आराखडाही त्यांनीच तयार केला. कारकिर्दीच्या पूर्वार्धात सरदार-उमरावांच्या हवेल्या बांधणाऱ्या ब्राँन्यार यांना फ्रेंच राज्यक्रांतीनंतर आपला व्यवसाय जवळजवळ नव्याने उभा करावा लागला. ज्या दोन कामांमुळे त्यांचे नाव टिकून राहिले ती दोन्ही त्यांच्या हातून वयाच्या साठीनंतर घडली. शेअर बाजाराची इमारत पूर्ण झालेली मात्र त्यांना पाहता आली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी ती वापरात आली.

शिक्षण

ब्राँन्यार यांचा जन्म पॅरिस येथे झाला. वास्तुकलेचे शिक्षण त्यांनी झाक-फ्रांस्वा ब्लाँदेल आणि एत्येन-लुई बुले या दोन गुरूंकडे घेतले. ब्लाँदेल हे त्या काळातील फ्रान्समधील सर्वांत प्रभावी वास्तुकला-शिक्षक होते. इमारतीचे बाह्य रूप तिच्या प्रयोजनाला साजेसे असावे, यावर त्यांच्या शिकवणुकीचा भर होता. बुले यांची ओढ शुद्ध भौमितिक आकारांकडे आणि भव्यतेकडे होती. गोल, घन, शंकू व पिरॅमिड यांवर आधारलेली त्यांची अतिविशाल स्मारके कागदावरच राहिली, परंतु पुढील पिढीवर त्यांचा खोल परिणाम झाला. ब्राँन्यार यांच्या कामात या दोन्ही शिकवणुकींचा मेळ दिसतो. त्यांच्या इमारतींमध्ये अलंकरण मोजके, भिंतींची पातळी सपाट आणि स्तंभांची मांडणी ठळक असते.

हवेल्यांची कामे

१७६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्राँन्यार यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. त्या काळी पॅरिस शहर उत्तरेकडे व पश्चिमेकडे झपाट्याने वाढत होते. शोसे दांतँ या नव्या वस्तीत आणि अँव्हालिदच्या परिसरात श्रीमंत मंडळी मोकळ्या जागा घेऊन निवासस्थाने बांधत होती. मादाम द मोंतेसाँ यांच्यासाठी शोसे दांतँ येथे बांधलेल्या हवेलीने ब्राँन्यार यांना उच्चभ्रू वर्तुळात प्रवेश मिळवून दिला. मादाम द मोंतेसाँ यांचा पुढे ओर्लेआँच्या ड्यूकशी विवाह झाला, आणि या घराण्याच्या परिचयातून ब्राँन्यार यांना आणखी कामे मिळत गेली. ही हवेली आज अस्तित्वात नाही.

१७७४ ते १७७७ या काळात त्यांनी मोनाकोच्या राजकन्येसाठी रू सँ-दोमिनिक या रस्त्यावर हवेली बांधली. पुढील शतकात तिच्यात मोठे फेरबदल झाले. आज तेथे पोलंडचा राजदूतावास आहे. १७८० च्या दशकाच्या आरंभी बूर्बाँ-काँदे घराण्यातील राजकन्येसाठी रू मस्यो येथे बांधलेली हवेली ही त्यांच्या निवासी वास्तुरचनेचे चांगले उदाहरण मानली जाते. तिच्या अंगणासाठी शिल्पकार क्लोदियाँ यांनी केलेली उत्थित शिल्पे आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

१७७७ साली ब्राँन्यार यांची राजकीय वास्तुकला अकादमीवर निवड झाली. १७८२ पासून त्यांच्याकडे सैनिकी विद्यालय आणि अँव्हालिद या शासकीय वास्तूंच्या देखरेखीची जबाबदारी आली. या पदामुळे त्या परिसरातील रस्त्यांच्या आखणीतही त्यांना भाग घेता आला.

कापुचिन मठ

शोसे दांतँची वस्ती वाढल्यावर तेथे धार्मिक सेवेची सोय व्हावी म्हणून कापुचिन साधूंसाठी मठ बांधण्याचे ठरले. १७८० ते १७८२ दरम्यान ब्राँन्यार यांनी तो पूर्ण केला. कापुचिन पंथात साधेपणा व दारिद्र्य यांना विशेष स्थान असल्याने त्यांनी इमारतीचा दर्शनी भाग जवळजवळ निरलंकृत ठेवला. आतील चौकाभोवतीच्या ओवऱ्यांसाठी त्यांनी तळखडा नसलेले, आखूड व भक्कम डोरिक स्तंभ वापरले. इटलीतील पेस्टम येथील प्राचीन ग्रीक देवळांची रेखाचित्रे त्या काळी नुकतीच युरोपभर पसरली होती. त्या देवळांतील स्तंभ रोमन पद्धतीच्या नाजूक स्तंभांपेक्षा वेगळे, काहीसे रांगडे होते. मठाच्या साधेपणासाठी ब्राँन्यार यांनी त्यांचीच निवड केली. राज्यक्रांतीनंतर या मठाचे शाळेत रूपांतर झाले. आज ती 'लीसे काँदोर्से' या नावाने प्रसिद्ध असून मठालगतचे चर्चही टिकून आहे.

कुटुंब

ब्राँन्यार यांचे घर कलावंत व वैज्ञानिक यांच्या येण्याजाण्याने गजबजलेले असे. त्यांचे बंधू आंत्वान-लुई हे औषधनिर्माते व रसायनशास्त्रज्ञ होते. शिल्पकार झाँ-आंत्वान उदाँ यांनी १७७७ साली ब्राँन्यार यांची मुले अलेक्सांद्र आणि लुईझ यांचे अर्धपुतळे घडवले. बालवयाचे भाव टिपणाऱ्या अठराव्या शतकातील शिल्पांमध्ये त्यांना मानाचे स्थान आहे. ते लूव्र संग्रहालयात पाहावयास मिळतात. धाकटी मुलगी एमिली हिचे चित्र एलिझाबेथ विजे-ल ब्रँ यांनी १७८८ साली रंगवले. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १७८९ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत विजे-ल ब्रँ यांनी देश सोडला, तत्पूर्वी काही दिवस त्यांना ब्राँन्यार यांच्या घरीच आश्रय मिळाला होता.

मुलगा अलेक्सांद्र ब्राँन्यार (१७७०–१८४७) हा पुढे नामवंत भूवैज्ञानिक झाला. जॉर्ज क्युव्हिये यांच्यासह त्याने पॅरिस परिसरातील खडकांच्या थरांचा केलेला अभ्यास भूविज्ञानाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. नातू अदोल्फ ब्राँन्यार (१८०१–१८७६) याची गणना वनस्पती-जीवाश्मांच्या शास्त्राच्या संस्थापकांमध्ये होते.

राज्यक्रांतीचा काळ

१७८९ च्या राज्यक्रांतीने ब्राँन्यार यांच्या व्यवसायाचा पायाच काढून घेतला. ज्यांच्यासाठी ते हवेल्या बांधत त्यांपैकी अनेक जण देशाबाहेर पळाले. काहींच्या मालमत्ता जप्त झाल्या, तर काहींना गिलोटिनवर प्राण गमवावे लागले. १७९३ साली राजकीय अकादमीही बरखास्त झाली. राजघराण्याशी आणि उमरावांशी असलेले पूर्वीचे संबंध त्या काळात धोक्याचे ठरू शकत होते.

याच सुमारास ब्राँन्यार पॅरिस सोडून बोर्दो येथे गेले. तेथे त्यांनी रंगभूमीसाठी आणि क्रांतिकारी उत्सवांसाठी सजावटीची कामे केली. लाकूड, कापड व रंग यांतून उभारलेल्या आणि उत्सव संपताच मोडून टाकल्या जाणाऱ्या या रचना होत्या. १७९० च्या दशकाच्या मध्यास ते पॅरिसला परतले आणि शासकीय बांधकामांशी पुन्हा जोडले गेले. १८०० साली मुलगा अलेक्सांद्र सेव्ह्र येथील चिनी मातीच्या भांड्यांच्या शासकीय कारखान्याचा संचालक झाला. त्यानंतर ब्राँन्यार यांनी या कारखान्यासाठी भांड्यांचे आकार व नक्षी यांचे आराखडे काढून दिले.

पेर लाशेझ दफनभूमी

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील दफनभूमींचा प्रश्न गंभीर झाला होता. चर्चच्या आवारातील जुन्या जागा पूर्ण भरल्या होत्या आणि त्यांपासून आसपासच्या वस्तीच्या आरोग्याला धोका निर्माण झाला होता. शहराच्या मध्यवर्ती भागातील 'निष्पाप संतां'ची शतकानुशतके वापरात असलेली दफनभूमी १७८० साली बंद करावी लागली. नेपोलियनच्या राजवटीत शहराच्या हद्दीबाहेर नव्या दफनभूमी उभारण्याचे धोरण स्वीकारले गेले. सेन विभागाचे प्रमुख प्रशासक निकोला फ्रोशो यांनी पूर्वेकडील माँ-लुई ही टेकडी शहरासाठी विकत घेतली. ही जागा पूर्वी जेझुइट पंथीयांकडे होती. चौदाव्या लुई राजाचे धर्मोपदेशक पेर लाशेझ यांचे तेथे वास्तव्य असे, म्हणून त्यांचे नाव दफनभूमीस मिळाले.

सार्वजनिक बांधकामांचे निरीक्षक या नात्याने आराखड्याचे काम ब्राँन्यार यांच्याकडे आले. त्यापूर्वी मोपेर्त्वी येथे मार्क्विस द मोंतेस्क्यू यांच्या उद्यानावर त्यांनी काम केले होते. झाडी, वळणवाटा आणि मधूनच दिसणाऱ्या छोट्या वास्तू यांचा मेळ घालण्याचा तो अनुभव येथे उपयोगी पडला. प्रवेशद्वारापासून टेकडीच्या माथ्याकडे जाणारा एक रुंद, सरळ मार्ग त्यांनी आखला. माथ्यावर पिरॅमिडच्या आकाराचे प्रार्थनामंदिर योजले आणि उरलेल्या उतारावर झाडांमधून फिरणाऱ्या नागमोडी वाटा काढल्या. पिरॅमिड कधीच बांधला गेला नाही. तथापि दफनभूमी ही उद्यानासारखी असावी, ही कल्पना येथे प्रत्यक्षात आली आणि एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले.

२१ मे १८०४ रोजी दफनभूमी खुली झाली. शहरापासून दूर असल्यामुळे प्रारंभी लोक तेथे दफन करण्यास फारसे उत्सुक नव्हते. १८१७ साली मोलिएर, ला फोंतेन तसेच आबेलार व एलोईझ यांचे म्हणून मानले जाणारे अवशेष तेथे आणल्यानंतर तिची प्रतिष्ठा वाढत गेली.

पॅरिस शेअर बाजाराची इमारत

पार्श्वभूमी

पॅरिसमध्ये रोखे आणि हुंड्या यांचे व्यवहार जुन्या काळापासून होत असले, तरी त्यांसाठी कायमची इमारत नव्हती. १७१९–२० मध्ये जॉन लॉ यांच्या कंपनीच्या समभागांनी लोकांना झपाटले, तेव्हा रू कँकाँप्वा या अरुंद गल्लीत दिवसभर सौद्यांची झुंबड उडत असे. ही योजना कोसळल्यानंतर व्यवहारांवर नियंत्रण असावे म्हणून सप्टेंबर १७२४ मध्ये राजाज्ञेने अधिकृत बाजाराची स्थापना झाली आणि रू व्हिव्हिएन येथील नेव्हेर हवेलीत त्याला जागा मिळाली. क्रांतिकाळात, १७९३ साली, तो बंद करण्यात आला. १७९५ साली पुन्हा सुरू झाल्यावर त्याचे बिऱ्हाड सतत हलत राहिले. लूव्र, पेती-पेर मठाचे चर्च आणि पॅले-रॉयाल अशा ठिकाणी दलाल व व्यापारी जमत असत.

नेपोलियनला देशाच्या आर्थिक व्यवहारांत शिस्त हवी होती. बँक ऑफ फ्रान्सची स्थापना १८०० साली आणि व्यापारी कायद्याची संहिता १८०७ साली झाली. बाजारासाठी स्वतंत्र व भव्य इमारत उभारणे हा याच धोरणाचा भाग होता. त्यासाठी फिय-सँ-तोमा या साध्वींच्या मठाची जागा निवडण्यात आली. क्रांतीत हा मठ साध्वींकडून गेला होता आणि १७९५ च्या राजनिष्ठांच्या उठावाचे एक केंद्रही येथेच होते. शेअर बाजार आणि व्यापारी न्यायालय या दोन्ही संस्था एकाच छपराखाली आणावयाच्या होत्या. हे काम ब्राँन्यार यांच्यावर सोपविण्यात आले. २४ मार्च १८०८ रोजी पायाचा दगड बसविण्यात आला, तेव्हा त्यांचे वय ६९ वर्षांचे होते.

बाह्य रचना

ब्राँन्यार यांनी इमारतीला चारही बाजूंनी स्तंभांनी वेढलेल्या प्राचीन देवळाचे रूप दिले. रोममधील सम्राट व्हेस्पेसियन याच्या देवळाचा आदर्श त्यांच्यासमोर होता असे परंपरेने सांगितले जाते. मूळ इमारत आयताकृती असून ती उंच जोत्यावर उभी आहे. दर्शनी बाजूस रुंद पायऱ्या आहेत. सुमारे १० मीटर उंचीचे साठांहून अधिक कॉरिंथियन स्तंभ भिंतींपासून काही अंतरावर उभे असल्यामुळे इमारतीभोवती छत असलेला प्रशस्त व्हरांडा तयार होतो. समोरच्या बाजूस १४ स्तंभांची सलग रांग आहे.

एका बाबतीत मात्र ही रचना देवळापासून दूर जाते. ग्रीक व रोमन देवळांच्या दर्शनी भागावर उतरत्या छपराची त्रिकोणिका असते. तिच्यात सहसा देवदेवतांची शिल्पे कोरलेली असतात. ब्राँन्यार यांनी ती वगळली. स्तंभांवर चारही बाजूंनी सरळ आडवा प्रस्तर ठेवला आणि त्याच्या वर, मागे सरकलेली भिंतीची एक साधी पट्टी घेतली. त्यामुळे इमारतीला उंचीपेक्षा विस्तार अधिक जाणवतो आणि कोणत्याही एका दिशेला विशेष महत्त्व न मिळता ती सर्व बाजूंनी सारखीच मोकळी वाटते. याच काळात पॅरिसमध्ये प्येर व्हिन्यों यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहत असलेल्या मादलेन या वास्तूला त्रिकोणिका आहे. दोन्ही इमारती स्तंभवेष्टित असूनही त्यांचा परिणाम वेगळा होतो तो मुख्यतः यामुळे. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे तोमा द तोमों यांनी त्याच दशकात ४४ डोरिक स्तंभांचा शेअर बाजार बांधला. व्यापाराच्या इमारतीला देवळाचे रूप देण्याची कल्पना त्या काळी युरोपात रुजत होती, असे यावरून दिसते.

अंतर्भाग आणि वापर

इमारतीच्या मध्यभागी सौद्यांचे मोठे दालन आहे. त्याच्याभोवती दोन मजल्यांवर कमानींच्या ओवऱ्या असून छतातील काचेतून प्रकाश खाली येतो. बाजूच्या खोल्यांत दलालांची कार्यालये होती, तर वरच्या मजल्यावर व्यापारी न्यायालय भरत असे. छताच्या वळणदार भागावर आबेल द पुजोल आणि शार्ल मेनिये यांनी राखाडी छटांतील रूपकचित्रे रंगवली आहेत. खालून पाहताना ती दगडात कोरलेली उत्थित शिल्पेच आहेत असा भास होतो.

दालनात 'कोर्बेय' नावाचे गोलाकार कठडा असलेले एक आवार होते. एकोणिसाव्या शतकात बराच काळ अधिकृत दलालांची संख्या ६० पुरती मर्यादित होती. त्यांनी या कठड्याभोवती उभे राहून मोठ्याने भाव पुकारावेत आणि सौदे ठरवावेत, अशी पद्धत होती. अधिकृत परवाना नसलेले दलाल 'कुलीस' या नावाने ओळखले जात. त्यांचे व्यवहार बाहेर स्तंभांच्या व्हरांड्यात व पायऱ्यांवर चालत. अशा रीतीने ब्राँन्यार यांनी शोभेसाठी आणि पावसापासून आडोशासाठी दिलेला व्हरांडा हा बाजाराचाच दुसरा, अनौपचारिक भाग बनला.

मृत्यू आणि इमारतीची पूर्तता

६ जून १८१३ रोजी पॅरिस येथे ब्राँन्यार यांचे निधन झाले. त्यांनीच आखलेल्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. पुढच्याच वर्षी, १८१४ साली, शेअर बाजाराचे आणि माँ-लुई दफनभूमीचे त्यांचे आराखडे एकत्रितपणे सहा पत्रांच्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

इमारतीचे उर्वरित काम एत्येन-एल्वा लाबार (१७६४–१८३३) यांच्याकडे गेले. १८१४ साली नेपोलियनचे साम्राज्य कोसळल्यावर बांधकाम रेंगाळले. त्या काळात बाजार रू फेदो येथील एका तात्पुरत्या जागेत भरत होता. लाबार यांनी ब्राँन्यार यांच्या बाह्य रचनेला धक्का न लावता काम पुढे नेले. अखेर ४ नोव्हेंबर १८२६ रोजी, दहाव्या शार्लच्या कारकिर्दीत, इमारतीचे उद्घाटन झाले. सम्राटाच्या आज्ञेने सुरू झालेली वास्तू अशा प्रकारे पुनःस्थापित राजेशाहीत पूर्ण झाली.

टीका व मूल्यमापन

उद्घाटनानंतर या इमारतीचे जसे कौतुक झाले तशीच तिच्यावर टीकाही झाली. सर्वांत गाजलेली टीका व्हिक्टर ह्यूगो यांची आहे. 'नोत्र-दाम द पारी' या १८३१ सालच्या कादंबरीत पॅरिसच्या वास्तुरचनेचे वर्णन करताना त्यांनी या इमारतीची उपरोधाने स्तुती केली. इमारतीचे रूप पाहून तिचे काम कळावे हा नियम मान्य केला, तर ही इमारत राजवाडा, नगरभवन, विद्यालय, न्यायालय, संग्रहालय किंवा देऊळ यांपैकी काहीही असू शकेल, असा त्यांचा आशय होता. ग्रीसच्या उन्हासाठी योग्य असलेली रचना पॅरिसच्या पावसात व बर्फात कशी शोभणार, हाही त्यांच्या उपहासाचा एक विषय होता.

ही टीका ब्राँन्यार यांच्या शिक्षणातील मूळ तत्त्वालाच भिडणारी होती, कारण रूप व प्रयोजन यांचा मेळ हीच ब्लाँदेल यांची शिकवण होती. कापुचिन मठात ब्राँन्यार यांनी हा मेळ निश्चितपणे साधला होता. शेअर बाजाराच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड होता. अशा संस्थेसाठी फ्रान्समध्ये पूर्वीचा कोणताही सर्वमान्य नमुना नव्हता. शिवाय लॉ यांच्या योजनेपासून सट्टा, अफवा आणि दिवाळखोरी यांच्याशी जोडल्या गेलेल्या व्यवहारांना स्थैर्य व विश्वासार्हता यांचे रूप देणे, ही शासनाची अपेक्षा होती. देवळाच्या आकाराने ती अपेक्षा पूर्ण केली. पुढील शतकात अनेक देशांतील बाजार व बँका यांच्या इमारतींनी स्तंभांची हीच भाषा उचलली आणि कालांतराने स्तंभांची रांग हेच वित्तसंस्थेचे ओळखचिन्ह बनले.

नंतरचा इतिहास

१८५० च्या दशकाच्या आरंभी इमारतीच्या कोपऱ्यांवर व्यापार, न्याय, उद्योग व कृषी यांची रूपके असलेले पुतळे बसविण्यात आले. ते ऑगुस्तँ द्युमों, फ्रान्सिस्क द्युरे, झेम्स प्रादिये आणि शार्ल-एमिल सर यांनी घडवले होते. १८६५ साली व्यापारी न्यायालय इल द ला सिते येथील नव्या इमारतीत गेले. एमिल झोला यांच्या 'लार्जां' (१८९१) या कादंबरीत या बाजाराचे आणि त्याभोवतीच्या चौकाचे विस्तृत चित्रण आहे.

व्यवहार वाढत गेल्याने मूळ जागा अपुरी पडू लागली. १९०२ ते १९०७ या काळात वास्तुविशारद काव्हेल यांनी इमारतीच्या उत्तर व दक्षिण बाजूंना दोन पंख जोडले. त्यांनी मूळ स्तंभरचनेचेच अनुकरण केले असले, तरी ब्राँन्यार यांचा आयत यामुळे क्रूसाच्या आकाराचा झाला. स्त्रियांना सौद्यांच्या दालनात प्रवेश मिळण्यास १९६७ साल उजाडावे लागले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकीय व्यवहार सुरू झाले आणि कोर्बेयभोवतीचा पुकारा थांबला. १९९८ साली उरलेले व्यवहारही बंद झाले. सध्या ही इमारत परिषदा, प्रदर्शने व समारंभ यांसाठी वापरली जाते.

वारसा

ब्राँन्यार यांच्या अनेक हवेल्या पाडल्या गेल्या किंवा त्यांचे मूळ रूप बदलले. शेअर बाजार, कापुचिन मठ आणि पेर लाशेझची आखणी ही त्यांची आज सहज पाहता येण्याजोगी कामे आहेत. तिन्हींचा वापर व स्वरूप काळानुसार बदलत गेले. मठात शाळा आली, बाजारात सौदे थांबले आणि दफनभूमीचा मूळ विस्तार कित्येक पटींनी वाढला. तरीही त्यांनी ठरवलेली मूळ मांडणी तिन्ही ठिकाणी ओळखता येते. पॅरिसच्या दुसऱ्या प्रभागात शेअर बाजाराच्या इमारतीजवळच्या एका रस्त्यास त्यांचे नाव देण्यात आले आहे.